बोंद्रे मॅडमच्या पेन्सिली

बोंद्रे मॅडमनी पहिल्याच भेटीत माझ्या हातात खोडरबर लावलेली पेन्सिल ठेवली आणि माझं डोकं फिरलं. पेन्सिल मला नवी नव्हती. माझी अख्खी नोकरी कोर्टात लघुलेखक म्हणून झाली, आयुष्यभर पेन्सिलच चालवली. पण मागे खोडरबर असलेली नाही. आमच्याकडे खोडणं हाच गुन्हा. शब्द चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी सही करायची आणि पुढे जायचं. चुकलेला शब्दही कागदावर राहिला पाहिजे, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवता येतो.

"हा फॉर्म भरा," मॅडम म्हणाल्या.

"मी मुलाखती टाईप करायला आले आहे," मी म्हटलं. "द्यायला नाही."

"ते माहीत आहे जी. पण या खोलीत जो येतो तो आधी फॉर्म भरतो. मीपण भरला आहे."

फॉर्मवर एकच प्रश्न होता. 'तुम्ही स्वतःला काय म्हणता?' आणि त्याखाली एक लांबलचक रिकामी ओळ. चौकटी नाहीत, स्त्री-पुरुष नाही, काही नाही. मी मान वर करून बघितलं, तर मॅडम माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या. पुढे कळलं की ही त्यांची पद्धतच होती. समोरचा फॉर्म भरायला लागला की त्या पाठ फिरवायच्या आणि भरून होईपर्यंत वळायच्या नाहीत. मग त्याला पाच मिनिटं लागोत नाहीतर पाऊण तास.

मी आधी लिहिलं, 'कै. पेंडसे यांची पत्नी'. ते वाचलं आणि मलाच कसंतरी झालं. खोडलं. मग लिहिलं, 'निवृत्त लघुलेखक'. त्यातला 'निवृत्त' खोडला. हे सगळं मी इथे सांगते आहे, कारण ते माझं आहे आणि मला सांगायला हरकत नाही. असं का म्हणते ते पुढे कळेल.

बोंद्रे मॅडम म्हणजे डॉक्टर कुंदा बोंद्रे. विद्यापीठाच्या विभागात सामाजिक मानसशास्त्र शिकवायच्या. माणूस स्वतःला बाई म्हणतो, पुरुष म्हणतो, दोन्ही म्हणतो किंवा दोन्ही म्हणत नाही, हे त्याच्या मनात कसं ठरतं आणि त्यात भोवतालच्या लोकांचा हात किती, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यांचे लेख इंग्रजीत छापून यायचे, तेही लांबलांबच्या देशांत. मी एकदा एक वाचायला घेतला आणि दुसऱ्या परिच्छेदाला चष्मा काढून ठेवला. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "अवो पेंडसेबाई, त्यात काही नाही. घरचे मला काय म्हणतात, गल्ली मला काय म्हणते आणि मी मला काय म्हणते, या तिघांचं भांडण. मी नुसती मधी बसून ऐकते."

मूळच्या यवतमाळच्या. पुण्यात तीस-बत्तीस वर्षं काढली, पण पुण्याला त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. वर्गात शुद्ध बोलायच्या. आनंद झाला की मात्र जीभ थेट वऱ्हाडात जायची आणि दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत ऐकू यायची. "बाप्पा!" असा आवाज आला की खालच्या ऑफिसातले लोक म्हणायचे, मॅडमना कुणीतरी चांगला फॉर्म भरून दिला. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि अंबाड्यात दोन पेन्सिली. तिसरी शोधत असायच्या. पेन्सिलींना टोक काढायला यंत्र चालत नसे, ब्लेडच लागायचं. रोज सकाळी आल्या आल्या खिडकीत उभं राहून दहा-बारा पेन्सिली तासायच्या आणि त्या वेळात दिवसभराची कामं मला सांगायच्या. लघुलेखकाला सवय असते, मी उभ्याउभ्या टिपून घ्यायचे.

त्यांची स्कूटर हा एक वेगळाच विषय होता. पुण्यात दुचाकीवरची प्रत्येक बाई डोळे सोडून सगळं ओढणीत गुंडाळून घेते. मॅडम हेल्मेट घालायच्या, पण त्याची काच कायम वर. का, तर ओळखीचं माणूस दिसलं तर त्याला आपण दिसलो पाहिजे. ओळखीची माणसं अर्धं पुणं. त्यामुळे बिबवेवाडीहून मला मागे बसवून निघाल्या की त्यांच्या वेगाने विभागात पोचायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात मी बस बदलून, वर चहा पिऊन पोचले असते. मी तसं बोलूनही दाखवलं. "मग काहून बसता माझ्या मागं?" त्यांनी विचारलं. खरं तर घर सोडल्यापासून विभागात पोचेपर्यंत त्या बोलत असायच्या आणि गेल्या चार वर्षांत माझ्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं. पण हे काही मी त्यांना सांगितलं नाही. पुण्याची आहे मी, कौतुक हातचं राखून करते.

'इतर' या शब्दावर त्यांचा भारी राग. सरकारी, खासगी, कुठलाही फॉर्म समोर आला आणि त्यात 'स्त्री, पुरुष, इतर' अशा चौकटी दिसल्या की त्या पेन्सिलीने 'इतर'भोवती गोल करायच्या. म्हणायच्या, "इतर हा शब्द किराणा मालाच्या यादीत शोभतो. साबण, काड्यापेटी, इतर. माणसाला इतर कसं म्हणून राहिले हे?" आणि पेन्सिलच का, बॉलपेन का नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. "खोडायची सोय पाहिजे. दुसऱ्यानं आपल्याबद्दल लिहिलेलं आपल्याला खोडता येत नाही. निदान आपण लिहिलेलं तरी आलं पाहिजे."

एकदा त्यांना एका ज्येष्ठ नागरिक संघाने व्याख्यानाला बोलावलं. बोलावताना विषय नीट कळला नसावा. 'स्त्री-पुरुष ओळख आणि समाज' असं वाचून त्यांना वाटलं असेल, विवाह मंडळाचं काही आहे. समोर चाळीस-पन्नास टोप्या, स्वेटर आणि काठ्या. मॅडमचं दहा मिनिटं बोलून झालं, तेव्हा पहिल्या रांगेतले जोगळेकर म्हणून एक गृहस्थ उठले. पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते, आयुष्य खडकवासल्याच्या धरणावर गेलेलं.

"मॅडम," ते म्हणाले, "आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. पुरुष पुरुष होते आणि बायका बायका. आणि सगळं वेळेवर चालायचं."

सभागृह हसलं. मॅडमही हसल्या. मग त्यांनी पिशवीतून पेन्सिलींचा डबा काढला, सगळ्यांना एकेक पेन्सिल आणि कागदाचा एकेक चतकोर वाटायला मला सांगितलं आणि म्हणाल्या, "लहानपणी तुम्हाला मनापासून आवडायचं आणि 'हे काय बायकी' किंवा 'हे काय पुरुषी' म्हणून कुणीतरी सोडायला लावलं, असं एक काहीतरी लिहा. नाव लिहू नका. मला दाखवू नका. घरी घेऊन जा." आणि पाठ फिरवून भिंतीवरच्या संस्थापकांच्या तसबिरीकडे बघत उभ्या राहिल्या.

एवढी शांतता मी निकालाच्या दिवशी कोर्टातही ऐकलेली नाही. कागदावर पेन्सिली घासल्याचा आवाज येत होता. जोगळेकरांनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवून वरून हात दाबला. एक काकू लिहिता लिहिता खुसखुसायला लागल्या आणि शेजारणीने विचारलं तर म्हणाल्या, "विटीदांडू गं!" मग जे काही सुरू झालं त्याला व्याख्यान म्हणता येणार नाही. चहा थंड झाला तरी कुणी उठेना.

त्या दिवाळीत मॅडमच्या मोबाईलवर एक फोटो आला. जोगळेकरांच्या दारातली रांगोळी. धरण काढलं होतं, अगदी मापात, सगळे दरवाजे उघडलेले आणि निळ्या रंगाचं पाणी थेट उंबऱ्यापर्यंत. खाली लिहिलं होतं, 'वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनी पायाने पुसली होती. पुन्हा सुरू केली आहे. आपला, जोगळेकर. ता. क. आमच्या वेळी होतं म्हणायचं.'

मॅडमनी तो फोटो मला दाखवला, चपराश्याला दाखवला, जिन्यात भेटलेल्या विद्युत मंडळाच्या माणसाला दाखवला. त्या दिवशी डब्यातला ठेचा त्यांनी सक्तीने सगळ्यांना वाढला. मी पाणी पीत बसले.

या सगळ्याबरोबर मॅडमची एक शिस्त होती. लेख छापायला जायच्या आधी तो ज्यांच्याबद्दल आहे त्यांना मराठीत वाचून दाखवायचा. इंग्रजीतलं मराठी त्या स्वतः करायच्या, मी टाईप करायचे आणि मग लोकांना बोलवायचं. ज्याला जे वाक्य खटकेल ते तो सांगणार आणि मॅडम ते काढणार. कुणी म्हणे, माझ्या वहिनीचं काढा. कुणी म्हणे, मी एवढा रडत नव्हतो, थोडा कमी रडवा. बाकीचे प्राध्यापक यावर हसायचे. एक जण म्हणाले, बोंद्रे मॅडमचे लेख म्हणजे लग्नपत्रिका, घरच्या सगळ्यांना दाखवल्याशिवाय छापता येत नाहीत. मॅडमना हे इतकं आवडलं की त्या ते स्वतःच सगळ्यांना सांगायला लागल्या.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या हातून झालं.

मॅडमच्या खोलीची खिडकी पश्चिमेची. संध्याकाळी चारच्या सुमाराला ऊन अगदी तिरपं होऊन माझ्या टेबलावर यायचं. अशाच एका दिवशी फॉर्मचा गठ्ठा लावत होते आणि एक फॉर्म उन्हात आडवा धरला गेला. कागदावर खोडलेला शब्द उठून आला. शिसं गेलं होतं, पण टोकाने कागदावर पाडलेली खाच राहिली होती आणि तिरप्या उन्हात तिची सावली पडली होती. दुसरा फॉर्म धरला, त्यातही तेच. तिसरा. कोर्टातलं माझं जुनं डोकं जागं झालं. आमच्याकडे खोडाखोड म्हणजे पुरावा. मी हाका मारून मॅडमना बोलावलं.

त्यांनी बघितलं आणि खुर्चीतच बसल्या. "बाप्पा!" खालपर्यंत ऐकू गेलं असणार. "पेंडसेबाई, लोक काय म्हणतात ते आजवर मी लिहिलं. लोक काय म्हणता म्हणता थांबले, ते हे आहे!"

पुढचे दोन-तीन महिने चार वाजले की आम्ही दोघी खिडकीत. मी फॉर्म आडवा धरून वाचायचे, त्या लिहून घ्यायच्या. मी इतकी खूश होते की घरी जाऊन कै. पेंडसे यांच्या फोटोला सांगायचे. माझी नजर इतकी कामाची आहे हे नोकरीत मला कुणी म्हटलं नव्हतं. त्यातून मॅडमनी जो लेख लिहिला तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत चांगला, हे मला त्यातलं इंग्रजी न कळताही कळत होतं, कारण लिहिताना त्या गुणगुणायच्या. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. एका मोठ्या परदेशी नियतकालिकाने लेख स्वीकारला. तपासणाऱ्यांनी लिहिलं, असं काम आम्ही पाहिलेलं नाही. विभागप्रमुखांनी पुष्पगुच्छाची ऑर्डर दिली. गडबडीत शिस्त उलटी झाली होती. लेख आधी गेला होता आणि वाचून दाखवणं मागे राहिलं होतं. पण छापायला अवकाश होता, म्हणून मॅडमनी एका रविवारी सगळ्यांना खोलीत बोलावलं.

वीस-पंचवीस माणसं आली होती. मॅडमनी मन लावून वाचलं. दोन ठिकाणी लोकांचे डोळे भरून आले. संपल्यावर टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या खुर्चीतून चंदाताई म्हणाल्या, "मॅडम, एक बोलू का? राग नका धरू."

चंदाताईंचं येरवड्यात बायकांचे ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. मुलगा म्हणून जन्मल्या, घर सुटलं, मग पुष्कळ काय काय झालं आणि त्या सगळ्यातून त्यांनी शिलाई मशीन घेतलं. फॉर्मवरच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं, 'टेलर'. त्याच्या आधी दुसरंच काहीतरी लिहिलं होतं आणि खोडलं होतं. ते काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. लेखाची सुरुवात त्या शब्दाने झाली होती. नाव बदललं होतं, दुकान बदललं होतं, गाव बदललं होतं. तरी त्यांनी ओळखलं, कारण स्वतःचा खोडलेला शब्द ओळखायला नाव लागत नाही.

"लय छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मला रडू आलं. पण ते मी खोडलं होतं ना?"

मॅडमनी हातातले कागद टेबलावर ठेवले.

"पेन्सिल तुम्हीच दिली होती. रबर पण तुम्हीच दिलं होतं. म्हणाला होतात, खोडायची सोय ठेवलीय." चंदाताईंच्या आवाजात राग नव्हता, गिऱ्हाईकाला माप समजावून सांगावं तशा बोलत होत्या. "मी ब्लाऊज उसवते, तेव्हा जुन्या शिलाईची भोकं राहतात कापडावर. मला दिसतात. पण गिऱ्हाईकाला दाखवत बसते का, की बघा बाई, आधी इथं चुकलं होतं? पाणी मारते, इस्त्री फिरवते, नवी शिलाई घालते. जी शिलाई घालून बाई बाहेर पडणार, तीच खरी."

मला बसवेना. मी उठून म्हटलं, "चंदाताई, वाचलं मी. मॅडमनी नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमची नजर चांगली आहे हो," त्या म्हणाल्या.

कोर्टात मी पुष्कळ निकाल टिपले. इतका जिव्हारी लागला नव्हता कुठलाच.

मॅडम उभ्या होत्या. "चंदाताई, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "तुमचंही मी न विचारताच वाचलं. माफ करा. हे छापलं जाणार नाही."

लोक गेल्यावर मॅडम रडल्या. खोटं कशाला सांगू, मीही रडले. मग मॅडमनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "आयुष्यभर माणसं फॉर्म भरत असताना मी पाठ करून उभी राहिली. आणि चार वाजता वळून बघितलं. काय करून राहिली होती मी, पेंडसेबाई?" मी डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. त्या दिवशी त्यांनी माझी गोडसर आमटी तक्रार न करता खाल्ली, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख वर आले. चांगला माणूस, पण पुष्पगुच्छ आलेला होता.

"मॅडम, नाव बदललं आहे, गाव बदललं आहे. कुणाला कळणार आहे?"

"तिला कळेल सर."

"अहो, परदेशातलं नियतकालिक. ती कुठे वाचणार आहे?"

"मी वाचून दाखवते ना सर. दरवेळी."

"मग तेवढा एक शब्द काढा. बाकीच्यांनी तर टाळ्या वाजवल्या म्हणे."

"टाळ्या झाल्यावर विचारलं तर नाही म्हणायला चंदाताई लागते," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना कसं जमेल ते?" आणि त्यांनी लेख मागे घेत असल्याचं पत्र मला तोंडी सांगितलं. इंग्रजी पत्र, पण एकही शब्द अडला नाही त्यांना. मी टाईप केलं. पुष्पगुच्छ प्रमुखांनी तरीही ठेवून दिला आणि मॅडमनी त्यातली जरबेराची फुलं पेन्सिलींच्या डब्यात खोचली.

लेख गेला, पण मॅडम उदास राहिल्या असतील असं वाटत असेल तर तुम्ही त्यांना ओळखत नाही. तिसऱ्या दिवशी त्या जिन्यातूनच ओरडत वर आल्या. सगळे फॉर्म परत द्यायचे. ज्याचे त्याला. येरवड्यात चंदाताईंच्या दुकानाशेजारच्या समाजमंदिरात कार्यक्रम ठरला. मॅडमनी स्वतः पाटवडी रस्सा केला, भलंमोठं पातेलं स्कूटरवर माझ्या मांडीवर देऊन आणलं आणि त्या दिवशी प्रथमच, रस्सा सांडू नये म्हणून, त्यांचा कमी वेग मला पटला. दारात जोगळेकर पहाटेपासून रांगोळी काढत बसले होते. या वेळी धरण नव्हतं. नुसत्या पेन्सिली होत्या, वाकड्यातिकड्या, सगळ्या रंगांच्या.

मी एकेकाचं नाव पुकारत होते, जुन्या सवयीने तीनदा. माणूस पुढे यायचा, मॅडम त्याच्या हातात त्याचा फॉर्म द्यायच्या. काहींनी तो तिथेच फाडला. एका मुलीने इतके बारीक तुकडे केले की ते उडवून सगळ्यांच्या डोक्यावर टाकता आले आणि मग तर रांगच लागली. एकाने फाडला नाही, पाकिटात ठेवला. जोगळेकरांनीही दिवाळीनंतर खोलीत येऊन फॉर्म भरला होता; तो फाडून झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "माझ्यात वाचण्यासारखं काही नव्हतंच. पण फाडायला मजा आली." रस्सा खाऊन अर्ध्या पुण्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यामुळे कोण कशामुळे रडतंय ते कळेना. चंदाताईंनी आपला फॉर्म घेतला, वाचला नाही, घडी करून दुकानात नेला. परत आल्या तेव्हा हातात कागदाचं पुडकं होतं. मॅडमसाठी शिवलेला ब्लाऊज. त्याच्या डाव्या बाहीला उभा अरुंद खिसा होता, पेन्सिलीच्या मापाचा.

"अंबाड्यात खुपसता, डोकं दुखत असंल," त्या म्हणाल्या.

"बाप्पा!" मॅडम ओरडल्या आणि बाहेर रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावली.

पुढे मॅडमनी एक छोटा लेख लिहिला. आपण काय चुकलो त्याचा. कुणाचा खोडलेला शब्द त्यात नाही, ऊन आहे, खिडकी आहे आणि शिवणाची भोकं आहेत. या वेळी आधी वाचून दाखवला. चंदाताईंनी एकच वाक्य काढायला लावलं. त्यात त्यांच्या धैर्याचं कौतुक होतं. "धैर्य-बिर्य काढा," त्या म्हणाल्या. "मी नुसतं बोलले." मॅडमनी ते वाक्य तिथल्या तिथे पेन्सिलीने खोडलं आणि चंदाताईंनी कागद घेऊन वरून नखाने खरवडला, खात्रीसाठी. लेख छापून आला. तेवढ्या मोठ्या ठिकाणी नाही, पण आला. मला तो वाचता आला, चष्मा न काढता. तेव्हापासून मॅडमकडे फॉर्मचे दोन कागद असायचे. एकावर हवं तितकं खोडायचं, मग दुसऱ्यावर स्वच्छ लिहायचं आणि पहिला घरी न्यायचा.

निवृत्तीनंतर मॅडम यवतमाळला परत जाणार होत्या. तिथल्या कॉलेजच्या मुलींना पेन्सिली वाटायला, असं त्या म्हणायच्या. शेवटच्या दिवशी निरोपाचं भाषण झालं, शाल झाली, नारळ झाला. खोली रिकामी झाली. मी माझं टेबल पुसत होते, तेव्हा मॅडम चंदाताईंचा ब्लाऊज घालून आल्या, बाहीच्या खिशात पेन्सिल. त्यांच्या हातात एक कागद होता.

"हा माझा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे परत गेले, माझा राहिला. तीस वर्षांपूर्वी भरला होता, पहिला."

मी बघितलं. ओळीवर लिहिलं होतं, 'कुंदा'. आणि त्याच्याखाली कागद खरखरीत झालेला होता, खूप खोडलेला, एकदा नव्हे.

"फाडा की मग," मी म्हटलं.

"फाडवत नाही. आणि सोबत न्यायचाही नाही. तुमच्याकडे राहू द्या."

"माझ्याकडे कशाला? जोगळेकरांना द्या, चंदाताईंना द्या."

"त्यांना कुठं वाचता येते?" मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला येते. म्हणून तुमच्याकडे."

आणि त्या निघाल्या. जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज, मग खालच्या ऑफिसात "येते जी, येते!" असा गलका. मी खिडकीपाशी आले. खाली रिक्षावाला उभा होता आणि मॅडम त्याला विचारत होत्या की तू गावाकडून पुण्यात आला तेव्हा तुला सगळे काय म्हणायचे. तोही इंजिन बंद करून सांगायला लागला होता. दोन मिनिटांनी त्या कशाला तरी मोठ्याने हसल्या, बॅग आत ढकलली, बाहीतली पेन्सिल काढून त्याला दिली आणि आत बसल्या. रिक्षा फाटकातून वळेपर्यंत त्यांचा हात बाहेर हलत होता.

चार वाजले होते. ऊन तिरपं होऊन माझ्या हातातल्या कागदावर आलं होतं. मी खाली फाटकाकडे बघत होते.